मधल्या इयत्तांची उपेक्षा

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात आठवीपर्यंत कोणासही मागे ठेवू नये, अशी तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती शिथिल झाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्णांना फेरपरीक्षा आणि तीतही न जमल्यास त्याच वर्गात बसविणे, असा क्रम स्वीकारला. त्यावर पुष्कळ वाद झडले. परंतु नापास करावे की नाही, या वादात मूल या दोन परीक्षांच्या मध्ये काय शिकते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविताना या प्रश्नाशी दरवर्षी गाठ पडते. मागणीच्या लवचिकतेची व्याख्या प्रथम वर्षाचा विद्यार्थी घडाघडा म्हणतो. पण किंमत ४० रुपयांवरून ५० झाली तर शेकडा वाढ किती, असे विचारले की वर्ग गप्प होतो. कोणी १० म्हणतो, कोणी २०. उत्तर २५ आहे, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान माध्यमिक शाळेच्याही अलीकडचे आहे.

चौथीपर्यंतचे गणित चिंचोक्यांवर दाखविता येते. पुढे अपूर्णांक, गुणोत्तर, शून्याखालच्या संख्या आणि अखेर संख्येच्या जागी अक्षर येते. चार तिनाहून मोठे असताना एक-चतुर्थांश हा एक-तृतीयांशाहून लहान कसा, हे ज्याला उमगले नाही, तो पुढे पाठांतरावर निभावतो. शिवाय हे वय संकोचाचे. पहिलीतले मूल चुकीचे उत्तरही हात उंचावून सांगते. सातवीतले मूल बरोबर उत्तरही मनातच ठेवते. शंका विचारली जात नाही, आणि ‘सर्वांना समजले ना?’ या प्रश्नाला होकार तेवढा मिळतो.

कायद्याने हे ओळखले नव्हते, असे नाही. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांना निदान एकेक शिक्षक आणि वर्षाला किमान २२० दिवस अध्यापन, असे त्यात स्पष्ट आहे. शालेय आहारातही पाचवीपर्यंत १०० ग्रॅम आणि पुढे १५० ग्रॅम धान्य धरले आहे. वाढत्या शरीराची भूक सरकारने मोजली. वाढत्या बुद्धीची मोजणे मात्र तितके सोपे नसावे!

अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक परिव्यय म्हणतात, तो याच वयात वाढतो. सात वर्षांची मुलगी शाळेत गेल्याने घराचे फारसे अडत नाही. बारा वर्षांची गेली की अडते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबात धाकट्यांना सांभाळणारी, कोपीवर स्वयंपाक करणारी तीच असते. दिवाळीच्या सुमारास गाव सोडून ती परतते, तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडाशी आलेली असते. अनुत्तीर्णांना जादा शिकवणी देऊन निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यावी, असे कायदा सांगतो. पण ते दिवस बव्हंशी उन्हाळी सुट्टीचे. पाच महिन्यांचे अपूर्णांक त्या सुट्टीत कोण शिकविणार?

अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि ती योग्य आहे. परंतु टोळीची गाडी गावातून हलण्यापूर्वी ती सुरू झाली, तरच मुलगी मागे राहते.