बेतवेच्या उगमाजवळची नऊ गावं

झिरी बहेडा, जावरा मलखार, देलावाडी, सुरई ढाबा, पांझिर, कैरी चौका, दांतखो, साजौली, जैतपूर. भोपाळच्या दक्षिणेला, रायसेन आणि सीहोर जिल्ह्यांत विंध्याच्या कुशीत ही नऊ महसुली गावं आहेत. चहूबाजूंनी सागाचं रान आणि मधे शेतजमीन, अशी त्यांची रचना. नऊ गावांचं मिळून क्षेत्रफळ २६.९४७ चौरस किलोमीटर. म्हणजे एका गावाच्या वाट्याला सरासरी जेमतेम तीनशे हेक्टर, आणि त्यात घरं, शेतं, नाले, चराई सगळंच आलं. हा आकडा दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत नेमका मोजलेला आहे, कारण तो रातापानी व्याघ्र प्रकल्पाच्या कागदपत्रांतला आहे. गावं गाभा क्षेत्राच्या भूगोलात येतात, पण ती गाभ्यात न धरता बफरमध्ये धरली गेली.

२ डिसेंबर २०२४ रोजी रातापानी हा मध्य प्रदेशातला आठवा व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित झाला. गाभा ७६३.८१२ चौरस किलोमीटर, बफर ५०७.६५३, एकूण १,२७१.४६५. अभयारण्य १९७६ सालचं. व्याघ्र प्रकल्पाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००८ मध्येच मिळाली होती. पुढची सोळा वर्षं फाइल अडून राहिली आणि त्या काळात या गावांनाही आपलं पुढे काय होणार हे कळत नव्हतं. घराला पक्की भिंत घालावी की नाही, मुलीचं लग्न याच गावात ठरवावं की नाही, असे निर्णय माणसं अशा अनिश्चिततेत घेत असतात. विस्थापनाची चर्चा फक्त गाव उठल्यावरच्या हालांपुरती होते. गाव उठेल की राहील हे न कळता काढलेल्या वर्षांचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

या भागात मुख्यतः गोंड आणि कोरकू राहतात. पाण्याची सोय असेल तिथे गहू आणि हरभरा, पावसावर सोयाबीन, मका, तूर. जमीन उथळ, खाली वालुकाश्म. सीहोरचा शरबती गहू भौगोलिक मानांकन मिळवून देशभर चढ्या भावाने विकला जातो, पण तो खोल काळ्या मातीचा. डोंगरातल्या हलक्या जमिनीवर नुसत्या शेतीने वर्ष निघत नाही. उरलेले महिने रान निभावून नेतं.

मार्च उजाडला की मोहाची फुलं गळायला लागतात. पहाटेच्या अंधारात बाया आणि पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, कारण ऊन चढलं की फूल कोमेजतं आणि त्याआधी गुरं, हरणं, अस्वलं आपला वाटा उचलतात. वेचलेली फुलं अंगणात वाळतात. २०२० साली मध्य प्रदेश सरकारने वाळलेल्या मोहाची आधारभूत किंमत किलोला ३५ रुपये केली. हाताशी पैसा नसेल तेव्हा घरातला मोह दुकानदाराकडे जातो आणि त्याबदली तेलमीठ येतं. मोहाची झाडं घराण्यांमध्ये वाटलेली असतात. कुठलं झाड कुणाचं हे गावाला पाठ असतं, आणि भावाभावांत शेताची वाटणी होते तशी त्यांचीही होते.

मग मे महिना, तेंदूपत्त्याचा. पन्नास पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा. २०२३ साली मानक बोऱ्याचा दर ३,००० वरून ४,००० रुपये झाला, म्हणजे एका गड्डीला चार रुपये. भर उन्हाळ्यात रानभर वाकून पानं तोडायची, घरी बसून गड्ड्या बांधायच्या, संध्याकाळी फडावर नेऊन मोजून द्यायच्या. शंभर गड्ड्या झाल्या तर चारशे रुपये, आणि त्यात घरातल्या तिघाचौघांचे हात लागलेले. मध्य प्रदेशात हा व्यापार १९६४ पासून सरकारी ताब्यात आहे. नफ्यातला हिस्सा संग्राहकांना बोनस म्हणून मिळतो. हे काम वाघाच्या रानात चालतं. मे २०२४ मध्ये रायसेन जिल्ह्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या एका माणसाचा वाघाने बळी घेतला.

खरी अडचण पुढे आहे. फेब्रुवारी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून वाळलेली झाडं, गवत वगैरे काढायला मनाई केली.  या आदेशाचा अर्थ लावत लावत वन खात्याने अभयारण्यातला वनोपजाचा व्यापारच थांबवला. तेंदू आणि मोह ज्यांच्या जगण्याचा आधार, ती माणसं घराच्या कुंपणापलीकडे गुन्हेगार ठरू लागली. २००६ चा वनहक्क कायदा आला तो याच अन्यायावर उतारा म्हणून. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर चार हेक्टरपर्यंत वैयक्तिक हक्क, गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क, आणि सगळ्यात मोलाचा म्हणजे गावाचं पारंपरिक रान राखण्याचा, वाढवण्याचा सामूहिक हक्क. हा कायदा अभयारण्यातही लागू होतो. मध्य प्रदेशात मात्र वैयक्तिक दावेच लाखांनी फेटाळले गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, पंधरवड्यात तो स्थगित झाला, आणि राज्याने ‘वनमित्र’ नावाचं पोर्टल काढून फेरतपासणी सुरू केली. ज्यांच्या गावात मोबाइलला रेंज येत नाही त्यांनी पोर्टलवर आपली वहिवाट सिद्ध करायची होती. सामूहिक हक्कांकडे तर फारसं कुणी वळलंच नाही.

आता या रानाच्या दुसऱ्या ओळखीकडे यायला हवं, कारण तिथे मराठी वाचकाचा थेट संबंध आहे. १३ डिसेंबर २०२४ ला या प्रकल्पाला डॉ. विष्णु वाकणकरांचं नाव देण्यात आलं. नीमचला जन्मलेले, उज्जैनचे झालेले वाकणकर १९५७ साली रेल्वेतून जात होते. खिडकीतून त्यांना भीमबेटकाचे खडक दिसले आणि ते तिथे जाऊन पोचले. पुढे सत्तरच्या दशकात त्यांनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांनी तिथे उत्खननं केली. या परिसरातल्या शैलाश्रयांची संख्या सातशेच्या वर जाते. हरणामागे धावणारे शिकारी, मधाची पोळी काढणारी माणसं, नाचणाऱ्यांच्या रांगा अशी चित्रं हजारो वर्षांपासून त्या भिंतींवर आहेत. २००३ मध्ये युनेस्कोने भीमबेटका जागतिक वारसा यादीत घेतलं. माहितीफलकांवर चित्रांचं वय असतं, रंगांची माहिती असते. युनेस्कोने दिलेली कारणं मात्र आपण क्वचितच वाचतो. दोन निकष लावले गेले. पहिला, माणूस आणि भूप्रदेश यांच्या दीर्घ सहवासाचा. दुसरा, शिकार आणि वनसंकलनावर जगणाऱ्या परंपरेचा. तिच्या खुणा शैलचित्रांत आहेत आणि भोवतालच्या आदिवासी वस्त्यांत आजही उरल्या आहेत, असं तिथे नोंदवलं आहे. परिसरातल्या एकवीस गावांच्या चालीरीती चित्रांतल्या जगाशी जुळतात हेही त्यात नमूद आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. जगाने हा वारसा मानला त्याच्या निम्म्या आधारात ही जिवंत माणसं आहेत. वनोपज गोळा करण्याच्या ज्या जगण्यावर वारशाचा शिक्का बसला, त्याच जगण्यावर त्याच डोंगररांगेत बंदी आली. एका कागदावर ही माणसं संस्कृतीचे वारस आहेत आणि दुसऱ्यावर अतिक्रमण करणारे. दोन्ही कागद आपल्याच शासनयंत्रणेने मान्य केलेले आहेत.

या माणसांची आठवण किती लांबपर्यंत पोचते याचा पुरावा १८८८ सालचा आहे. डब्ल्यू. किनकेड या इंग्रज अधिकाऱ्याने भोजपूरच्या जुन्या तलावावर निबंध लिहिला. भीमबेटकाचा पहिला लेखी उल्लेख त्यात आहे, आणि माहिती त्याला इथल्या आदिवासींकडून मिळाली. भोजराजाचा तो अफाट तलाव पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशाहने बांध फोडून रिकामा केला. गोंडांची कथा अशी की बांध तोडायला फौजेला तीन महिने लागले, तळं रितं व्हायला तीन वर्षं गेली आणि तळाच्या जमिनीत माणूस वस्ती करू शकला तो तीस वर्षांनी. त्या तळावर आज गव्हाची शेती आहे. देलावाडीजवळच्या रानात गिन्नौरगड उभा आहे, गोंड राजा निजामशाह आणि राणी कमलापती यांचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये भोपाळच्या हबीबगंज स्थानकाला राणी कमलापतीचं नाव मिळालं. त्या स्थानकावरून रोज हजारो माणसं जातात. तिच्या गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचं काय चाललं आहे हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं. भोपाळमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांचंही तसंच आहे. आम्ही पावसाळ्यात कोलारच्या रस्त्याने रान बघायला जातो आणि गावांवरून पुढे निघून येतो.

झिरीजवळ बेतवा उगम पावते. मेघदूतातल्या यक्षाने मेघाला जिचं पाणी प्यायला सांगितलं ती वेत्रवती हीच. भोजपूर, विदिशा, ओरछा करत ती हमीरपूरला यमुनेला मिळते. उगमाचं पाणी आता उन्हाळा काढत नाही. विंधनविहिरी वाढल्या, उतारावरचं रान विरळ झालं, झऱ्यांना पाणी पुरवणारा मातीचा थर धुपला. खाली भोजपूरजवळ कलियासोत नदी भोपाळचं सांडपाणी घेऊन तिच्यात येते आणि मंडीदीपच्या कारखान्यांचा भार वेगळा. याच बेतवेत केन नदीचं पाणी आणण्यासाठी ४४,६०५ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर आहे. त्याची कोनशिला २५ डिसेंबर २०२४ ला खजुराहोला बसली. त्या रकमेचा अगदी लहान अंश जरी उगमाच्या डोंगरावर दगडी बांध, चर आणि झाडोरा यांवर खर्च झाला, तर नदीलाही पाणी मिळेल आणि नऊ गावांच्या विहिरींनाही. हे काम गावकऱ्यांच्या हातांनी होणारं आहे. त्यासाठी बाहेरून कुणी यायची गरज नाही.

मग या गावांपुढे काय आहे? तरुण मुलं मंडीदीपच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला जातात किंवा भोपाळमध्ये बांधकामावर. मुलींचं शिक्षण बहुधा गावातली शाळा संपते तिथे अडतं. ‘लाडली बहना’ योजनेचे पैसे २०२३ पासून बायांच्या खात्यात येतात आणि त्याने घरातला त्यांचा शब्द थोडा वजनदार झाला आहे, हे मान्यच करायला हवं. सरकारचं उत्तर पर्यटन हे आहे. झिरीच्या प्रवेशद्वारावरून सफारी सुरू झाली. वाहनचालक, मार्गदर्शक, होमस्टे असे रोजगार येतील, काही येतीलही. पण जमिनीचा पट्टा ज्याच्या नावावर नाही त्याला होमस्टेसाठी कर्ज मिळत नाही. ती खोली मग बाहेरचा गुंतवणूकदार बांधतो आणि गावातली बाई तिथे भांडी घासते. ताडोबाच्या वेशीवरच्या रिसॉर्टांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरा पर्याय उठून जाण्याचा. गाभ्यातल्या कुटुंबाला पंधरा लाख रुपये, असा २०२१ पासूनचा दर आहे. जून २०२४ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने देशभरच्या गाभा क्षेत्रांतल्या ५९१ गावांचं, ६४,८०१ कुटुंबांचं पुनर्वसन प्राधान्याने करावं असं राज्यांना कळवलं. आपली नऊ गावं आज बफरमध्ये असल्याने त्या यादीच्या दडपणापासून दूर आहेत. पण चारी बाजूंना गाभा असताना हे अंतर किती काळ टिकेल? वाघांना जागा हवी यात मला शंका नाही. या रानात नव्वदच्या आसपास वाघ असल्याचं शासन सांगतं आणि त्यांचे शत्रूही खरे आहेत. जुलै २०२४ मध्ये बुधनीच्या मिडघाटात रेल्वेखाली येऊन एक बछडा जागीच गेला आणि त्याची दोन जखमी भावंडंही पुढे वाचली नाहीत. त्या रुळांना वळण देणं महाग म्हणून टळतं. गावाला हलवणं स्वस्त पडतं.

कायद्याचा आधारही इथे तोकडा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशने ग्रामसभांना अधिकार देणारे पेसा नियम लागू केले, पण ते वीस जिल्ह्यांतल्या अनुसूचित तालुक्यांपुरते. नर्मदेपलीकडच्या केसलाच्या कोरकूला ते लागू आहेत, अलीकडच्या रायसेनच्या कोरकूला नाहीत. रान कुणाचं, हा मूळ प्रश्न इंडोनेशियातल्या जंगलवासी गावांनी न्यायालयात नेला. तिथल्या घटना न्यायालयाने मे २०१३ मध्ये निर्णय दिला की परंपरेने समाजाच्या ताब्यात असलेलं वन हे सरकारी वन नव्हे. पुढच्या वर्षी आलेल्या ग्राम कायद्याने प्रत्येक गावाला केंद्राच्या अंदाजपत्रकातून थेट निधीही मिळू लागला. तिथे अंमलबजावणी रखडते, पण मालकीचा प्रश्न निदान स्वच्छ शब्दांत सुटला.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर हे कोरकूंचंच गाव. २०१२ मध्ये मिळालेलं उजाड रान त्यांनी ‘खोज’ संस्थेच्या साथीने राखलं, वाढवलं. तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारात गेली आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार गावाला मिळाला. पायविहीरचा कोरकू आणि या रानातला कोरकू एकाच समाजाचे आहेत. त्यांची गाठ घालून देणं हे भोपाळ आणि विदर्भ दोन्हींकडे ये-जा असणाऱ्या आमच्यासारख्यांना सहज जमण्यासारखं आहे.

वन्यजीव कायद्यानुसार बफरच्या सीमा ग्रामसभेशी विचारविनिमय करून ठरवायच्या असतात. व्यवस्थापन आराखड्याच्या वेळीही स्थानिकांच्या उपजीविकेचा विचार बंधनकारक आहे. त्या बैठकीत ग्रामसभेकडे सामूहिक हक्काचा दावा दाखल केलेला असेल तर तिच्या म्हणण्याला वजन येईल. दाव्याला पुरावा म्हणून रानाच्या वापराचे हक्क नोंदवणारं निस्तार पत्रक चालतं, जुन्या वन खात्याच्या नोंदी चालतात, आणि वनहक्क नियमांनुसार गावातल्या दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही चालतात. अभयारण्य होण्यापूर्वीचं रान ज्यांनी तरुणपणी पाहिलं, गुरं कुठे चरत, देवस्थान कुठे होतं, कुठल्या नाल्याला बारमाही पाणी होतं हे ज्यांना ठाऊक आहे, ती माणसं आज सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांचे जबाब याच हिवाळ्यात लिहून घ्यायला हवेत.