घास चुकीच्या वाटेला लागतो तेव्हा

कंठमण्यावर हलकेच बोट ठेवून आवंढा गिळून पाहू. कंठमणी झटकन वर जातो आणि पुन्हा खाली येतो. नेमक्या त्याच क्षणी श्वास घेण्याचा प्रयत्न केला, तर तो घेता येत नाही. असे का व्हावे?

पाठ्यपुस्तकात पचनसंस्था आणि श्वसनसंस्था यांचे धडे वेगवेगळे असतात. घशात मात्र हवा आणि अन्न यांचा रस्ता काही अंतर एकच आहे. पुढे त्याला दोन फाटे फुटतात. पुढच्या बाजूला श्वासनलिका आणि तिच्या मागे अन्ननलिका. त्यामुळे प्रत्येक घासाला श्वासनलिकेचे तोंड ओलांडूनच जावे लागते. त्या वेळी स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरचे पानासारखे झाकण मिटते, स्वरतंतू एकमेकांना चिकटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. इतके करूनही एखादे शीत आत शिरलेच, तर ठसका लागून ते बाहेर फेकले जाते.

वय वाढते तशी ही हालचाल मंदावते. पक्षाघात किंवा कंपवात झाला असेल, तर ती अधिकच बिघडते. काही जणांना अन्न श्वासनलिकेत गेले तरी ठसकाच लागत नाही. म्हणून ‘आजोबांना ठसका लागत नाही, म्हणजे सारे ठीक आहे’ असे समजण्यात धोका आहे. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घुरघुरता येत असेल, तर डॉक्टरांना सांगायला हवे.

फुफ्फुसात अन्नाचे कण गेल्याने जे नुकसान होते, त्याहून मोठा धोका त्यांच्याबरोबर जाणाऱ्या जीवाणूंचा असतो. अस्वच्छ तोंडात ते अमाप वाढतात आणि झोपेत लाळेबरोबरही नकळत खाली उतरतात. मग न्यूमोनिया होतो. जपानमधील 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षे केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे दात व तोंड प्रत्येक जेवणानंतर स्वच्छ केले जात होते, त्यांच्यात न्यूमोनियाचे प्रमाण शेकडा 11 होते. इतरांत ते शेकडा 19 होते. दात पडले म्हणून तोंड धुण्याची गरज संपत नाही. जीभ व हिरड्या पुसाव्यात. कवळी रोज घासावी आणि रात्री काढून ठेवावी.

आपल्याकडे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आडवे ठेवूनच चमच्याने पेज किंवा चहा भरवतात. त्यामागे माया असते, पण घसा त्या वेळी उताराचा झालेला नसतो. पाठीशी लोड किंवा उशा देऊन त्यांना ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी. भरवणाऱ्याने समोर बसावे. उभे राहिल्यास त्यांना मान वर करावी लागते. मान मागे टाकून आवंढा गिळून पाहिला, की ते किती कठीण आहे हे आपल्यालाही कळते. घास लहान असावा आणि पहिला गिळल्यावरच दुसरा द्यावा. गुंगीत असताना काही भरवू नये. जेवणानंतर अर्धा तास तरी बसवून ठेवावे. पाणी, चहा यांसारखे पातळ पदार्थ झरकन घसरतात, म्हणून त्यांनीच जास्त त्रास होतो. ते दाट करून द्यावेत का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

वृद्धांना न्यूमोनियात ताप येतोच असे नाही. धाप लागणे, अचानक सुस्ती येणे किंवा असंबद्ध बोलणे, एवढीच लक्षणे दिसू शकतात. अशा वेळी वाट पाहू नये.

अनेक घरांत आजीला भरवण्याचे काम मुलांकडेच असते. कंठमण्याचा प्रयोग वर्गात केला, तर चमचा हाती घेताना तो त्यांना आठवेल.