हातातील खेळयंत्र : दुरुस्ती आणि फेरफार

जपानमधील क्योटो शहरातील निन्टेंडो कंपनीने १९८९ सालच्या एप्रिल महिन्यात 'गेम बॉय' नावाचे एक लहान खेळयंत्र विक्रीस आणले. हे यंत्र व १९९८ साली निघालेली त्याची रंगीत आवृत्ती मिळून सुमारे ११ कोटी ८७ लक्ष नग विकले गेले. त्यांचे उत्पादन थांबून आता दोन दशके लोटली आहेत. तरी त्यांतील पुष्कळ यंत्रे साध्या दुरुस्तीने पुन्हा चालू होऊ शकतात. ती कशी करावी व त्यामागील शास्त्र काय, हे येथे पाहू.

रचना

ह्या यंत्राच्या निर्मितीत गुनपेई योकोई ह्या अभियंत्याचा मोठा वाटा होता. नवी व महाग साधने वापरण्यापेक्षा, जी साधने स्वस्त व कसोटीस उतरलेली आहेत त्यांचाच नव्या रीतीने उपयोग करावा, असे त्याचे मत होते. म्हणूनच गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता व त्यामागे दिवाही नव्हता. आडवे १६० आणि उभे १४४ असे ठिपके, व प्रत्येक ठिपक्याच्या चार छटा, एवढ्यावरच त्याचे सारे चित्र उभे राहते. ह्या काटकसरीमुळे चार लहान विद्युत्घटांवर यंत्र दहा तासांहून अधिक चालत असे. १९९० साली निघालेल्या सेगा कंपनीच्या 'गेम गिअर' यंत्रास रंगीत, प्रकाशित पडदा होता. पण त्यास सहा घट लागत व ते तीन ते पाच तासांतच संपत.

सामान्य दोष

पहिला दोष घटांच्या कप्प्यात आढळतो. यंत्रात विसरून राहिलेला अल्कलाइन घट कालांतराने फुटतो व त्यातील पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा द्राव बाहेर झिरपतो. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडशी संयोग होऊन त्याचे पांढरे पोटॅशियम कार्बोनेट बनते. हा थर अल्कधर्मी असल्यामुळे सौम्य आम्लाने, म्हणजे व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापूसकाडीने, तो निघतो. मागाहून ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करावी. हातमोजे व चष्मा घातल्याविना हे काम करू नये. धातूची पट्टी गंजून झिजली असेल तर ती बदलणे हाच उपाय होय.

दुसरा दोष कार्ट्रिजच्या संपर्कपट्ट्यांचा. यंत्र सुरू होताच पडद्यावर कंपनीचे नाव वरून खाली सरकत येते. हे नाव कार्ट्रिजमधून वाचले जाते व यंत्रातील प्रतीशी ताडून पाहिले जाते. दोहोंत अंतर पडले तर यंत्र तेथेच थांबते. त्यामुळे हे नाव दुरुस्ती करणाऱ्यास एक सूचकच ठरते. नावाच्या जागी काळी पट्टी दिसली तर कार्ट्रिजकडून काहीच वाचले जात नाही असे समजावे. अक्षरे विस्कटली असतील तर एखादा संपर्क मळलेला असतो. पुष्कळदा अल्कोहोलने पट्ट्या पुसताच दोष नाहीसा होतो. कार्ट्रिजमध्ये तोंडाने फुंकर मारण्याची मुलांची सवय मात्र वाईट, कारण श्वासातील ओलाव्याने धातू गंजतो.

तिसरा दोष पडद्यावरील नाहीशा झालेल्या उभ्या रेषांचा. काचेला एक लवचीक फीत उष्णतेने चिकटवलेली असते व तीतून प्रत्येक रेषेस संदेश पोचतो. काळाच्या ओघात हा जोड सुटतो. डाख देण्याच्या उपकरणाचे टोक बेताने तापवून फितीवरून हलकेच फिरवले असता जोड पुन्हा बसतो. उष्णता अधिक झाल्यास फीत जळते व पडदा कायमचा जातो.

प्रकाशाची जोड

मूळ पडदा बाहेरील उजेड परावर्तित करून दिसतो. म्हणून अंधारात तो वाचता येत नाही. अनेक हौशी कारागीर पडद्याच्या मागील परावर्तक थर व ध्रुवक सोलून काढतात आणि तेथे नवा ध्रुवक व पातळ प्रकाशपट्टी बसवतात. पण मागून उजेड आला की गडद ठिपके फिके भासतात. त्यावरील उपाय मोठा मनोरंजक आहे. ध्रुवक काटकोनात फिरवला की चित्र उलटते : काळे ते पांढरे व पांढरे ते काळे. प्रत्येक ठिपक्याची छटा दोन तारांवरून शून्य किंवा एक ह्या चिन्हांनी कळवली जाते. ह्या दोन्ही तारांत शून्याचा एक व एकाचा शून्य करणारे एक लहान मंडल जोडले की चित्र पुन्हा उलटते. दोन उलटी मिळून एक सुलट होते. चित्र मूळचेच राहते, पण अधिक ठसठशीत दिसते. मात्र प्रकाशपट्टीस वीज लागते व घट लवकर संपतात.

काय जपावे

काही कार्ट्रिजांत खेळाची प्रगती टिपून ठेवणारी स्मृती ३ व्होल्टच्या नाण्याएवढ्या घटावर जिवंत असते. घट संपला की नोंद पुसली जाते. एखाद्याने बालपणी महिनोन्‌महिने खपून मिळवलेले यश अशा एकाच घटावर टिकून असते. म्हणून घट बदलण्यापूर्वी ती नोंद वाचकयंत्राद्वारे संगणकावर उतरवून घ्यावी. नवा घट धातूच्या पट्ट्या जोडलेलाच घ्यावा. घटावर थेट डाख दिल्यास तो फुटण्याची भीती असते.

दुरुस्ती व फेरफार ह्यांत एक भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. पुसलेला संपर्क यंत्रास त्याच्या मूळ स्थितीकडे नेतो; सोललेला ध्रुवक मात्र पुन्हा जसाच्या तसा चिकटवता येत नाही. सुस्थितीतील मूळ यंत्रांची संख्या घटतच जाणार आहे. ह्यास्तव ज्याचा पडदा आधीच बिघडला आहे असेच यंत्र फेरफारासाठी निवडावे, काढलेले भाग जपून ठेवावेत आणि काय बदलले त्याची लेखी टीप यंत्रासोबत ठेवावी.