गाळणीआडचा धूर

म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूर व पिरियापट्टण या तालुक्यांत पावसाच्या पाण्यावर तंबाखूचे पीक घेतात. पक्व पाने काठ्यांना बांधून भट्टीत टांगली जातात व नळांतून फिरणाऱ्या उष्णतेने ती सोनेरी पिवळी होतात. पानाचा रंग पाहून लिलावात भाव ठरतो. मात्र ते जळल्यावर धुरातून कोणते विष निघते, हे रंगावरून कळत नाही. ज्यांना ते कळले होते, त्या सिगारेट-उत्पादकांनी काय केले?

१९५० साली ब्रिटनमध्ये डॉल व हिल यांनी, तर अमेरिकेत विंडर व ग्रॅहॅम यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि इतर रुग्ण यांच्या सवयी ताडून पाहिल्या. कर्करोग झालेल्यांत धूम्रपान करणारांचे प्रमाण बरेच अधिक आढळले. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतील प्रमुख कंपन्यांचे चालक न्यूयॉर्क येथे जमले. ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत त्यांचे निवेदन झळकले. पुरावा निर्णायक नाही, आपण संशोधनास साहाय्य करू, असा त्याचा आशय होता. संशय जिवंत ठेवणे हेच पुढे धोरण झाले.

गाळणी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. टार मोजणारे यंत्र दर मिनिटास ३५ मिलिलिटरचा एकच झुरका घेई. गाळणीभोवती सूक्ष्म छिद्रे पाडली, की त्यांतून हवा शिरून धूर विरळ होतो आणि यंत्र टार कमी दाखविते. माणसाचे मात्र तसे नसते. त्याचे ओठ व बोटे ती छिद्रे झाकतात. निकोटीनची सवय जडलेले शरीर अधिक खोल झुरके घ्यावयास लावते. हे ठाऊक असूनही अशा सिगारेटी ‘सौम्य’ म्हणून विकल्या गेल्या. २००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी अमेरिकेतील कंपन्यांनी जनतेची फसवणूक केल्याचा निर्णय दिला.

भारतात १९७५ च्या कायद्याने पाकिटावर इशारा आला. २०१६ पासून सचित्र इशाऱ्याने पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापावा, असा नियम लागू झाला. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला; परंतु जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली.

यंत्राने दाखविलेला आकडा खोटा नव्हता. त्याचा लावलेला अर्थ खोटा होता. म्हणून कोणतेही मोजमाप वाचताना ते कशाचे आहे व कोणी करविले, हे आधी विचारावे.