घोड्यातील वृक्क-इजा : रक्तपरीक्षा

घोड्यातील वृक्क-इजा : रक्तपरीक्षा. घोड्याच्या वृक्कांना (मूत्रपिंडांना) झालेली इजा ओळखण्यासाठी रक्तातील क्रिॲटिनीन, यूरिया, लवणे इ. घटकांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. घोड्याच्या वृक्कांची राखीव कार्यक्षमता मोठी असल्यामुळे इजा बरीच वाढेपर्यंत बाह्य लक्षणे दिसत नाहीत. मंदावलेली भूक, सुस्ती, घटणारे वजन ही लक्षणे इतर अनेक रोगांतही आढळतात. त्यामुळे निदानाचा भार मुख्यतः प्रयोगशाळेवर पडतो. मात्र एकाच वेळी केलेली रक्तपरीक्षा निर्दोष आली म्हणून वृक्क निरोगी आहेत, असे मानता येत नाही.

कारणे : वृक्कांना होणारा रक्तपुरवठा घटणे व विषारी द्रव्ये ही इजेची दोन प्रमुख कारणे होत. कोकण किनाऱ्याच्या उष्ण व दमट हवेत घाम लवकर सुकत नाही. कष्टाचे काम करणारा घोडा तासाला १० लि. हून अधिक घाम गाळू शकतो व त्याबरोबर पुष्कळ लवणेही जातात. शूल (पोटदुखी) व अतिसार यांमुळेही शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. अशा निर्जलित जनावरास जेंटामायसीन हे प्रतिजैविक किंवा फिनिल ब्यूटाझोन, फ्लुनिक्झिन यांसारखी वेदनाशामके दिल्यास वृक्कांना धोका संभवतो. दोन्ही प्रकारची औषधे एकत्र दिल्यास तो वाढतो. विश्रांतीनंतर एकदम श्रम केल्याने स्नायूंचा नाश होऊन त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते, मूत्र गडद तपकिरी होते व वृक्क-नलिकांना इजा पोहोचते. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या रोगांत तांबड्या पेशी फुटून मुक्त झालेले हीमोग्लोबिन आणि या रोगांवर वापरले जाणारे इमिडोकार्ब हे औषध, ही दोन्ही वृक्कांना अपायकारक ठरू शकतात.

क्रिॲटिनीन : हे स्नायूंतील क्रिॲटीनपासून तयार होणारे त्याज्य द्रव्य वृक्कांतील केशिकागुच्छांतून गाळले जाऊन मूत्रावाटे बाहेर पडते. प्रौढ घोड्याच्या दर १०० मिलि. रक्तरसात ते साधारणपणे १ ते २ मिग्रॅ. असते. पिळदार शरीराच्या घोड्यात ते किंचित अधिक असू शकते. वृक्काणूंपैकी सु. तीन चतुर्थांश निकामी होईपर्यंत हे प्रमाण प्राकृत मर्यादेबाहेर जातेच असे नाही, हा या परीक्षेचा मुख्य दोष होय. म्हणून केवळ मर्यादेकडे न पाहता त्याच घोड्याच्या पूर्वीच्या आकड्याशी तुलना करणे अधिक उपयुक्त ठरते. ०.९ वरून १.६ मिग्रॅ. झालेली वाढ मर्यादेच्या आत असली, तरी गाळणाचा वेग जवळजवळ निम्म्यावर आल्याची ती सूचना असू शकते. ४८ तासांत ०.३ मिग्रॅ. वा अधिक वाढ हा मानवी वैद्यकातील निकष घोड्यांनाही लावतात. नवजात शिंगरात वारेच्या विकारामुळे क्रिॲटिनीन वाढलेले आढळते; वृक्क निरोगी असल्यास काही दिवसांत ते आपोआप उतरते.

यूरिया व लवणे : यूरिया-नायट्रोजनाचे प्रमाण दर १०० मिलि. मध्ये साधारणपणे १० ते २५ मिग्रॅ. असते. आहारातील प्रथिने व उपासमार यांमुळे ते बदलत असल्याने एकट्या यूरियावर विसंबता येत नाही. वृक्क-विकारात रक्तातील सोडियम व क्लोराइड घटतात. इतर बहुतेक पाळीव प्राण्यांहून घोड्याचे वैशिष्ट्य असे की, आहारातील जादा कॅल्शियम तो मुख्यतः मूत्रावाटे टाकतो. त्यामुळे दीर्घकालीन वृक्क-निकामीपणात त्याच्या रक्तातील कॅल्शियम पुष्कळदा वाढते व फॉस्फरस कमी होते. मूत्राशय फुटलेल्या शिंगरात उदरपोकळीतील द्रवाचे क्रिॲटिनीन रक्ताच्या दुप्पट वा अधिक असते व रक्तातील पोटॅशियम वाढते.

नवीन परीक्षा : सममित डायमिथिल आर्जिनीन या द्रव्यावर स्नायूंच्या वस्तुमानाचा फारसा परिणाम होत नाही. कुत्रा व मांजर यांत त्याचा वापर रूढ झाला असून घोड्यांतही त्याचा अभ्यास झाला आहे. शिंगरांत त्याचे प्रमाण मुळातच अधिक असल्यामुळे प्रौढांचे निकष त्यांना लागू पडत नाहीत. ही परीक्षा क्रिॲटिनीनला पूरक असून तिची जागा घेणारी नाही.

मूत्रपरीक्षेची जोड : रक्तातील वाढ निर्जलीकरणाची की वृक्कांच्या इजेची, हे मूत्राच्या विशिष्ट गुरुत्वावरून कळते. निर्जलित पण निरोगी वृक्क दाट मूत्र तयार करतात (विशिष्ट गुरुत्व १.०२५ हून अधिक), इजा झालेल्या वृक्कांचे मूत्र १.००८ ते १.०१४ च्या आसपास राहते. म्हणून शिरेतून द्रव देण्यापूर्वीच रक्त व मूत्र या दोहोंचे नमुने घेणे इष्ट असते. घोड्याचे मूत्र कॅल्शियम कार्बोनेटाच्या स्फटिकांमुळे मुळातच गढूळ असते. केवळ गढूळपणा हे रोगाचे लक्षण नव्हे.

ठाणे–कल्याण परिसर : ठाण्यानजीकच्या घोडबंदर या स्थळाचे नाव घोड्यांच्या सागरी व्यापारावरून पडल्याचे सांगितले जाते. लोहमार्ग ठाण्यास १८५३ मध्ये व कल्याणास १८५४ मध्ये पोहोचल्यानंतर स्थानकांपासून गावात जाण्यासाठी टांगे हे साधन रूढ झाले. पुढे रिक्षांमुळे टांगे मागे पडले. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे लग्नाच्या वरातींत घोडे दिसतात, तर कल्याण–कर्जत मार्गावरील नेरळहून जाता येणाऱ्या माथेरानला प्रवासी वाहून नेण्याचे काम ते करतात. लग्नसराई व सुट्यांचा हंगाम ऐन उन्हाळ्यात येत असल्याने या जनावरांवर श्रम व निर्जलीकरण यांचा ताण एकाच वेळी पडतो. अनेक कुटुंबांची उपजीविका एकाच घोड्यावर असते. लंगडणाऱ्या घोड्यास कामावर ठेवण्यासाठी सल्ल्याविना वेदनाशामक देत राहणे अशा वेळी विशेष घातक ठरते.

परळ (मुंबई) येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय व त्यालगतचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय ही या भागास जवळ असलेली जुनी केंद्रे होत. नमुना दूर पाठवावयाचा असल्यास रक्त गोठल्यावर रक्तरस अलग करून तो थंड पेटीतून न्यावा. उन्हात राहिलेल्या वा हिसके बसलेल्या नळीत तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे रक्तरस लालसर होऊन काही मापने चुकतात.

उपयोग : वृक्कांना अपायकारक औषध सुरू करण्यापूर्वी एकदा व उपचार चालू असताना एक-दोन दिवसांआड क्रिॲटिनीन मोजल्यास वाढ वेळीच ध्यानात येते. औषध थांबवून व द्रव देऊन आशुकारी (तीव्र) इजा बऱ्याचदा भरून येते. दीर्घकालीन विकारात मात्र नष्ट झालेले वृक्काणू पुन्हा निर्माण होत नाहीत. कामाच्या घोड्याच्या निरोगी अवस्थेतील आकड्याची नोंद ठेवणे हा त्यामुळे सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय होय.