सूज विझवणारे हार्मोन

सुरीने बोट कापले की काही वेळात ते लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकू लागते. घरात लगेच ‘आता पिकणार’ अशी धास्ती. खरे तर ही शरीराने सुरू केलेली लढाई असते. जखमेजवळच्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतात. यालाच दाह म्हणतात.

पण लढाई वेळेवर थांबायलाही हवी, नाहीतर जंतूंबरोबर आपलेही अवयव होरपळतात. हे आवरण्याचे मोठे काम कॉर्टिसॉल नावाचे हार्मोन करते. अल्लाहने प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी बसवली आहे, अ‍ॅड्रिनल. दाह मोठा असला की त्याचा निरोप रक्तातून मेंदूला पोहोचतो, मेंदू पिट्युटरी ग्रंथीला सांगतो आणि पिट्युटरी अ‍ॅड्रिनलला. मग कॉर्टिसॉल पेशींच्या आत शिरून दाह भडकवणाऱ्या द्रव्यांचे उत्पादनच कमी करते. पुरेसे झाले की तेच मेंदूला ‘आता बस’ असे कळवते. रक्तात ते सकाळी सर्वाधिक आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. फिलिप हेंच यांना एक गोष्ट खटकत होती. संधिवाताच्या बाईला दिवस गेले किंवा रुग्णाला कावीळ झाली की सांधे मोकळे होत. शरीरातच काहीतरी औषध तयार होत असावे, असा त्यांचा तर्क. सप्टेंबर 1948 मध्ये त्यांनी सहकारी केंडॉल यांनी शोधलेले, कॉर्टिसॉलच्याच कुळातले कॉर्टिसोन एका 29 वर्षांच्या रुग्ण स्त्रीला टोचले. जेमतेम हालचाल करू शकणारी ती काही दिवसांत चालू लागली! 1950 चे नोबेल या दोघांना आणि राइखश्टाइन यांना मिळाले. दुष्परिणामही लवकरच दिसले.

आज ज्यांना आपण ‘स्टिरॉईड’ म्हणतो त्या प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन वगैरे गोळ्या म्हणजे याच हार्मोनच्या नकला. कोरोनाच्या काळात, जून 2020 मध्ये, ऑक्सफर्डच्या चाचणीतून कळले की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनमुळे सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ज्यांना ऑक्सिजनच लागत नाही त्यांना मात्र फायदा नाही. तरीही घरोघरी ते घेतले गेले. 2021 मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे जे रुग्ण वाढले, त्यामागे मधुमेह आणि स्टिरॉईडचा अतिवापर ही मोठी कारणे होती.

आपल्या घरांतला धोका मात्र वेगळाच. दादीजानला सांधेदुखीसाठी गोळी मिळते, आराम पडतो, मग तीच चिठ्ठी दाखवून वर्षभर गोळ्या येत राहतात. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही अनेकदा स्टिरॉईड मिसळलेले सापडते. बाहेरून हार्मोन मिळत राहिले की अ‍ॅड्रिनल आपले काम थांबवते. अशात गोळी एकदम बंद केली तर तिला लगेच जाग येत नाही. उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरणे, बेशुद्धी, आणि वेळीच उपचार न झाल्यास मृत्यूही. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त घेतलेली गोळी म्हणून डॉक्टर हळूहळू उतरवतात.

रमजानमध्ये हे विशेष जपावे लागते. ‘रोजा आहे, महिनाभर गोळी नको’ असे परस्पर ठरवू नये. दिवसातून एकदाच असलेली गोळी बहुधा सहरीच्या जेवणासोबत बसवता येते. सकाळ-संध्याकाळचा दम्याचा पंप सहरी आणि इफ्तारला. पण हे रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. त्यांनी रोजा नको म्हटले तर आजाऱ्याला नंतर रोजे पुरे करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. रोज्यात उलट्या किंवा गरगर सुरू झाली तर मगरिबची वाट न पाहता दवाखाना गाठावा, आणि तिथे पोहोचताच आधी सांगावे की पेशंट स्टिरॉईडवर आहे.