जुना लेथ घेताय? रंगावर जाऊ नका, आधी बेड बघा

गावात छोटं वर्कशॉप टाकायचं म्हटलं की वेल्डिंग आणि ड्रिलनंतर विषय निघतो तो लेथचा. पंपाची शाफ्ट, बुश, पुली, ट्रॉलीची पिन ही कामं लेथशिवाय होत नाहीत. एका बुशसाठी तालुक्याला हेलपाटा घालायचा तर शेतकऱ्याचा दिवस जातो, आणि पाण्याची पाळी असेल तर तीही जाते. म्हणून आयटीआयला टर्नर केलेली पोरं गावातच काम सुरू करायला बघतात. नवा लेथ परवडत नाही, मग 'रिकंडिशन' केलेला जुना शोधला जातो. नेमकी इथंच फसगत होते. कर्ज काढून आणलेलं मशीन सरळ कापत नाही हे महिन्याभरानं कळतं, तोवर विकणारा फोन उचलत नाही.

हे लेथ येतात कुठून?

कारखान्यांत सीएनसी मशीन आली की हाताने चालवायचे जुने लेथ बाहेर निघतात. कोल्हापूरचं उद्यमनगर, पुण्याचं भोसरी, नाशिकचं सातपूर-अंबड अशा औद्योगिक भागांतून ते व्यापाऱ्यांकडे जातात. काही सरकारी लिलावातून निघतात. लिलावात माल 'आहे तसा, आहे तिथे' मिळतो, नंतर तक्रार चालत नाही. त्यामुळे बोलीच्या आधी जाऊन बघणं भाग आहे.

जुन्यांत बेंगळुरूच्या एचएमटीचे आणि हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ आजही नाव राखून आहेत. त्यांचं बीड जड आणि भक्कम. पंजाबातल्या बटाल्याचे, गुजरातेतल्या राजकोटचे हलके लेथही भरपूर फिरतात. पण नावावर जाऊ नये. वीस वर्षं तीन पाळ्यांत राबलेल्या नावाजलेल्या लेथपेक्षा कमी वापरलेला साधा लेथ केव्हाही बरा.

झीज कुठे बघायची?

लेथचा जीव बेडमध्ये असतो. बहुतेक कामं चकाजवळ होतात, म्हणून बेड तिथंच जास्त झिजतो. ओळखायची सोपी रीत अशी: सॅडल चकाजवळ आणून त्याची पट्टी बेताची घट्ट करा आणि सॅडल हाताने टेलस्टॉककडे न्या. पुढं जाताना ते जड होत अडकायला लागलं, तर चकाजवळचा बेड खाल्ला गेलाय असं समजा.

दुसरी तपासणी स्पिंडलची. डायल गेज लावून चकाखाली लाकडी दांडा घाला आणि हलकेच वर उचलून बघा. काटा ०.०३ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर बेअरिंगचं काम निघणार. मग मशीन अर्धा तास चालवा. सगळे स्पीड लावून गियरचा आवाज ऐका, बेअरिंगजवळ हात लावून बघा. हात ठेववत नसेल इतकं तापलं तर सोडून द्या.

तिसरी तपासणी प्रत्यक्ष कामाची. २५ ते ३० मिलिमीटर जाडीचा बार चकात पकडून १०० मिलिमीटर बाहेर ठेवा. टेलस्टॉक लावू नका. टूल न हलवता दोन्ही टोकांना हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. फरक ०.०३ च्या आत असेल तर गावच्या कामाला चालतं. जास्त आला तर आधी मशीनची लेव्हल तपासायला लावा, कारण बेडला पीळ बसला तरी फरक येतो. लेव्हल करूनही फरक राहिला तर दोष मशीनचाच.

चौथं, आटे पाडून बघा आणि बाजारातला नट त्यावर फिरवा. लीड स्क्रू किंवा हाफ नट झिजला असेल तर इथं उघडं पडतं. क्रॉस स्लाइडच्या हँडलला थोडा ढिलेपणा असतोच, तो सांभाळून घेता येतो. बेडची झीज मात्र स्वस्तात निघत नाही.

'रिकंडिशन' म्हणजे नक्की काय?

पुट्टी आणि ताजा रंग म्हणजे दुरुस्ती नव्हे. खरं काम केलं असेल तर बेड ग्राइंड केलेला असतो. बेड ग्राइंड झाला की सॅडल तेवढं खाली बसतं आणि लीड स्क्रूची रेषा बिघडते. म्हणून विचारा, सॅडलला खालून भर दिली का, स्क्रॅपिंग केलं का, बेअरिंग बदलली का. ज्यानं काम केलंय तो धडाधड सांगेल. नुसता रंग मारलेला माणूस विषय बदलेल.

बिडाला तडा गेलाय अशी शंका आली तर त्या जागी रॉकेल लावून पुसून घ्या आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर आतलं रॉकेल बाहेर येऊन रेघ उमटते. आटे पाडायचे सुटे गियर, चार जबड्यांचा चक, स्टेडी हे सगळं सोबत आहे का तेही मोजून घ्या. नंतर ते गोळा करताना जीव जातो.

वीज आणि वाहतूक

बहुतेक जुन्या लेथला थ्री फेज मोटर असते. शेतीपंपाच्या जोडणीवर वर्कशॉप चालवणं हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार त्याची आकारणी दुप्पट दराने होते. त्यामुळे मशीन आणण्याआधी वेगळ्या जोडणीचा अर्ज करा.

उतरवताना दोर बेडखालून घ्या, लीड स्क्रूला किंवा स्पिंडलला कधीच नको. हेडस्टॉकची बाजू जड असते, म्हणून सॅडल टेलस्टॉककडे सरकवून तोल साधा. काँक्रीटवर बसवून स्पिरिट लेव्हलने लेव्हल करा.

विकणाऱ्यांसाठी

लेथ विकायचा असेल तर रंगाचा खर्च करू नका. बेड रॉकेलने पुसून तेल लावा, थंड मशीन चालू करतानाचा व्हिडिओ काढा, झीज असेल ती दाखवा. जाणकार गिऱ्हाईक यालाच जास्त पैसे देतं. पक्कं बिल द्या; घेणाऱ्याला बँकेत तेच लागतं.

मोबाईलवर सौदा करताना एक लक्षात ठेवा: पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला किंवा मशीन न दाखवता ॲडव्हान्स मागितला, तर सौदा तिथंच थांबवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

आणि बघायला जाताना एखादा जुना टर्नर सोबत न्या. त्याचा दिवसाचा रोज आणि जेवण तुम्ही दिलंत तरी ते स्वस्तच पडेल.